वळणवही

२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि प्रवासात चेपलेला एक केक एवढ्या ऐवजासह मी आजपासून या निवासी अभ्यासिकेची पगारी नोकर आहे. ढापणी फाटकापर्यंत न्यायला आली होती. चौथीत तिला जाड भिंगांचा चष्मा लागला तेव्हा हे नाव मीच ठेवलं. आता काचा पातळ झाल्यात, पण नाव काही सुटत नाही बिचारीचं. नोकरीही तिनेच मिळवून दिली.

गेलं वर्षभर आम्ही फोनवर रोज एकमेकींना लिहीत होतो. धाकटीशी माझं बिनसलं, त्या दिवसांत तर ढापणी होती म्हणून मी तगले. प्रत्यक्षात मात्र ती जरा अबोल झालीये. मी दहा वाक्यं बोलावीत आणि तिने एक ‘हं’ टाकावा. दमली असेल.

खोली लहान आहे, पण नळाला गरम पाणी येतं आणि दाराला आतून कडी लागते. एवढं मिळालं की मी खूश. खिडकीतून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दिसतात, पलीकडे व्हॉलीबॉलचं मैदान. संध्याकाळी पाच वाजता तिथे काळं कुत्रं नव्हतं. मुलं खोलीत अभ्यास करत असतील, म्हणजे संस्था चांगली आहे म्हणायची.

फोन जमा करावा लागला. इथे नियम सगळ्यांना सारखा, नवीन कर्मचाऱ्यांनाही पहिले चाळीस दिवस फोन नाही. देण्यापूर्वी धाकटीला ‘पोचले’ एवढं पाठवलं. तिने वाचलं. उत्तर नाही. साडेतीन महिने हेच चाललंय.

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबा जहाजावर. वेण्या घालण्यापासून शाळेचे फॉर्म भरण्यापर्यंत तिचं सगळं मीच केलं. यंदा तिचे तीन विषय गेले आणि निकालाच्या दिवशीही जेवताना मान खाली, अंगठा स्क्रीनवर. माझं डोकं फिरलं. मी तो फोन धुण्याच्या बादलीत बुडवला. ती रडली नाही, ओरडली नाही. बॅग भरून मावशीकडे राहायला गेली. मावशीने नवा फोन घेऊन दिला आणि मी एकटी वाईट ठरले.

चूक माझी आहे, हे तिला सांगायचंय मला. पण तिने आधी ‘हं’ तरी म्हणावं ना.

ढापणीने ही वही दिली. फोन नसला की तुझं पोट फुगेल, हिच्यात ओकत जा, म्हणाली.

३ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या कामाच्या खोलीला सगळे ‘टपाल’ म्हणतात. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर पितळी आकडा, प्रत्येकात एक फोन आणि त्याचा चार्जर. चाळीस विद्यार्थी, चाळीस खण. शेजारी जाळीच्या दाराचं एक कपाट, त्यात आम्हा कर्मचाऱ्यांचे फोन. ते बंद करून ठेवतात, असं ढापणी म्हणाली.

संस्था मोठ्या बाईंची. त्यांनी स्वतः चहा पाजून काम समजावलं. पूर्वी त्या नुसते फोन काढून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी मुलं रडून घर गाठायची. त्यांना अभ्यासाची भीती नव्हती, आपण गप्प राहिलो तर मित्रमैत्रिणी आपल्याला विसरतील ही होती. कोणाची मैत्रिणीला रोज एक फोटो पाठवायची सहाशे दिवसांची साखळी, ती तुटेल म्हणून पोरीने अन्न सोडलं. मग बाईंनी तोडगा काढला. फोन बंद ठेवायचेच नाहीत, मुलांच्या वतीने आपण चालवायचे. मुलांनी पुस्तकात डोकं घालावं, उत्तरं टपालातून जावीत. मुलं आनंदाने सही करतात. पालकांना सांगत नाहीत. त्यांना उगाच रुखरुख कशाला, म्हणाल्या.

मला आधी हसूच आलं. पण विचार केला तर वाईट काय आहे? ‘जेवलास का’ला ‘हो’ म्हणायला पोराचा अर्धा तास का जावा!

प्रत्येक खणाची एक वळणवही असते. मूल कसं लिहितं ते तिच्यात टिपून ठेवायचं. पाच नंबर आईला फक्त ‘जेवलो’ लिहितो, पूर्णविराम देत नाही. अकरा नंबर मैत्रिणीला आधी तीन हसरे चेहरे पाठवते, मग रडगाणं सुरू करते. ही वळणं गिरवायला मला दुपारपर्यंतसुद्धा लागलं नाही. बाईंनी पाठ थोपटली. निबंधात पहिलं बक्षीस मी उगाच नाही मिळवायचे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मुलांची गंमत वाटते आणि कीवही येते. जेवणाच्या टेबलावर चाळीस जण बसतात आणि चमच्यांचा आवाज तेवढा येतो. अंगठे टेबलाच्या कडेवर आपोआप वर-खाली होत असतात. शेजारच्याकडे मीठ मागायचं तर उठून स्वतः आणतात. भांडायलासुद्धा जमत नाही त्यांना. काल दोघांचं वाजलं, तर दोघेही मध्येच थांबून पुढे काय म्हणायचं याचा विचार करत उभे राहिले.

त्यांना वाचणंही अवघड झालंय. दोन ओळींनंतर नजर घसरते. म्हणून मी रोज तासभर एका छोट्या खोलीत बसून धडे मोठ्याने वाचते, ढापणी ते रेकॉर्ड करते आणि मुलं ऐकतात. धडे संपले तरी ती आणखी वाचायला लावते. रागावून वाच, हसून वाच, नुसतं ‘अगं’ म्हण. नाटकात घेतलंय की काय मला!

चौदा नंबरशी माझी गट्टी जमली आहे. म्हणजे तिच्या फोनशी. मुलगी सतरा वर्षांची, धाकटीच्याच वयाची, घुमी. तिची वळणवही अर्धं पानच आहे. आईला ‘हं’, ‘बरं’, ‘नंतर’. आई बिचारी रोज चार ओळी लिहिते. मला राहवलं नाही. आज मी ‘हं’च्या पुढे ‘तू जेवलीस का गं?’ असं जोडलं.

आईने लगेच अकरा बदाम पाठवले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

१५ सप्टेंबर, रविवार

भेटीचा दिवस. चौदाची आई पहिल्यांदाच आली. नऊ दिवसांत मी तिला इतकं लिहिलंय, की ती समोरून आली तेव्हा धावत जाऊन हात धरावासा वाटला.

लेकीने बाकावर बसून बुटाची नाडी सोडली, बांधली, सोडली. आईने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. आईचा चेहरा उतरत गेला. तासाची भेट, पंचवीस मिनिटांत आई उठली. फाटकाबाहेर पडताच चौदा नंबरचा खण वाजला. आईने लिहिलं होतं, समोर आलीस की अशी का वागतेस? फोनवर किती गोड बोलतेस.

मी काय करणार? ‘सॉरी आई, अभ्यासाचं टेन्शन गं. तू आलीस ना, खूप बरं वाटलं’ असं लिहून टाकलं. आईचं उत्तर आलं, हीच माझी खरी लेक.

ते ढापणीला सांगितलं. ती म्हणाली, होतं असं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज दुपारी चौदा नंबर टपालाच्या दारात उभी राहिली. मुलांना इथे यायची बंदी आहे. मला घरी जायचंय म्हणाली. तिच्या आईने मुक्काम वर्षभराने वाढवलाय. लेक इथे किती खुलली आहे, असं कळवलंय तिने बाईंना.

आपण सांगू ती वाक्यं आईला पाठवा, एवढीच तिची विनवणी होती. ढापणी जेवायला गेली होती. मी दार लोटलं आणि फोन तिच्याच हातात दिला. तिने स्वतः लिहिलं. ‘आई मला घरी ने. मला इथे कोणी नाही.’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘कोण आहे हे? माझी मुलगी असं लिहीत नाही. तिचा फोन तिला परत द्या, नाहीतर मी तक्रार करीन.’

पोरीने ते तीनदा वाचलं. मग फोन माझ्याकडे दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी काय केलं ते इथे लिहायलाच हवं. तक्रार आली तर माझी नोकरी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तिच्यासमोर लिहिलं, ‘अगं आई, मैत्रिणीने चेष्टा केली. मीच आहे.’ आणि खाली तीन बदाम.

आईने लिहिलं, घाबरवलंस की गं बाळा.

मुलगी दार ओढून घेत निघून गेली, आवाज होणार नाही इतक्या हळू.

२३ सप्टेंबर, सोमवार

हे लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

सकाळी ढापणी बाईंकडे गेली. तिच्या टेबलावर एक वळणवही उघडी होती. मी सवयीने नंबर पाहिला. एकेचाळीस. एकेचाळिसावा खण इथे नाही.

‘धाकटीला बाळा म्हणत नाही, ठोंब्या म्हणते. रागावली की वाक्य तोडते. चूक कबूल करण्याआधी एखादा विनोद करते. निबंधाच्या बक्षिसाचा अभिमान.’ हे मी आहे. आणि अर्धी वाक्यं याच वहीतली आहेत. मी दिवसभर खोलीबाहेर असायचे आणि ही वही माझ्या उशीखाली असायची.

खाली लिहिलं होतं. ‘बादलीचा विषय स्वतःहून काढायचा नाही. धाकटी काढेल तेव्हा माफी मागायची.’ त्यापुढे तारीख, ९ सप्टेंबर. त्यापुढे, ‘मागितली. धाकटी रडली. आता रोज लिहिते.’

रोज लिहिते. साडेतीन महिने मी ज्या एका ‘हं’ची वाट पाहिली, तो आला. मी इथे दुसऱ्याच्या आईला बदाम पाठवत होते तेव्हा आला.

पुढच्या पानावर धाकटीने सांगितलेल्या गोष्टी टिपल्या होत्या. तिला एक पान सलग वाचता येत नाही, शेवटच्या ओळीवर येईपर्यंत पहिली विसरते. वर्गात बाईंनी उभं केलं की हात थरथरतात, म्हणून ती फोन घट्ट धरून बसायची. आपण ढ झालो आहोत हे तिला केव्हाच कळलं होतं, ताईला सांगायची लाज वाटायची. ते सगळं तिने मला सांगितलं. मला सोडून मलाच.

यापुढे पाठकोऱ्या कागदांवर लिहीन आणि अंगावर बाळगीन. या वहीची शेवटची पानं फाडून घेतेय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ढापणीला धरलं. ती ना चिडली, ना ओशाळली. तू असतीस तर पुन्हा भांडली असतीस, म्हणाली. मी समेट घडवून आणला, आभार मान.

मी तिला वाटेल ते बोलले. लहानपणापासूनची मैत्रीण अशी केसाने गळा कापते का, म्हटलं. माझ्या वाईट दिवसांत रोज रात्री तासतास समजूत काढलीस, ती यासाठी?

तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, ते मी नव्हतेच लिहीत.

दोन वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हाच तिचा फोन कपाटात गेला, तो परत मिळालाच नाही. मला आधार देणारे, हसवणारे, इथे नोकरीला ये म्हणून गळ घालणारे ते शब्द तिचे नव्हते. माझी आठवण तिला मी येण्याच्या आदल्या दिवशी करून दिली गेली. मग कोण लिहीत होतं, विचारलं. तुझ्या खुर्चीवर आधी जी बसायची ती असेल, म्हणाली. ती कुठे आहे? तिने खांदे उडवले.

वर्षभर माझी एकुलती एक मैत्रीण कोण होती, हे मला माहीत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

वॉचमनच्या खोलीत जुना फोन आहे, वायरचा. तो जेवायला गेल्यावर शिरले. जगातला एकच नंबर मला पाठ आहे, धाकटीचा. शाळेचे फॉर्म भरून भरून.

तिने उचलला. मी ‘अगं ठोंब्या’ म्हणाले आणि रडायलाच लागले.

ती अगदी शांतपणे म्हणाली, की तुम्ही फोन कराल हे ताईने सांगून ठेवलंय. तिची वही चोरून वाचणारी, तिचा आवाज काढणारी एक बाई तिथे आहे म्हणून. मी म्हटलं, मीच तुझी ताई. ती म्हणाली, ताईशी मी आत्ताच पाच मिनिटांपूर्वी बोलले. फोनवर. ती हसत होती.

मी ओरडले. बादली, वेण्या, आईचं आजारपण, सगळं एका दमात सांगितलं. त्यावर ती म्हणाली, ताई माझ्यावर आता अशी ओरडत नाही.

आणि ठेवला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

काल बॅग भरली होती. पण जाऊ कुठे? मावशीच्या दारात उभी राहिले तर धाकटी आतून कडी लावेल.

आज बाईंच्या टेबलावर रविवारच्या प्रवेशांची यादी पाहिली. सात नावं. चौथं धाकटीचं. शिफारस — माझी.

तिने फोन सोडून अभ्यास करावा, हेच तर मला हवं होतं. फोन बादलीत बुडवला तेव्हा हेच मागत होते मी. तिच्या ताईने तिला ते पटवलं. माझ्याहून चांगलं पटवलं.

थांबते. रविवारी फाटकात उभी राहीन. समोर बघितल्यावर ओळखेलच. मी वाढवलंय तिला.

२८, शनिवार

चौदा नंबर जेवणाच्या रांगेत दिसली. मी हाक मारली. तिच्या खऱ्या नावाने. तिने मागे वळून दुसऱ्याच मुलीकडे पाहिलं — जणू ते नाव तिचं —

बाईंनी उद्या नऊला टपालात बोलावलंय. नवे आकडे ठोकायचेत म्हणे. पाच मिनिटांचं काम. मग फाटकात.

२९, रविवार

नऊला टपालात आले. बाहेरून कडी.

ढापणीने लावली. दारापलीकडून म्हणाली, आज तू खाली नकोस, मुलं बिचकतात. दार ठोठावून हात सुजले. कोणी येत नाही.

खिडकी उघडत नाही. काचेतून खालची खिडकी दिसते, जिथे फोन जमा करतात. रांग लागली आहे.

दुसरी धाकटी. निळा सदरा, पाठीवर माझीच जुनी बॅग. वाळली आहे. वेणी स्वतः घातलीये, वाकडी —

काच बडवली. वर बघत नाही कोणी.

एका पाठकोऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. ‘मी वर आहे. फोन देऊ नकोस.’ काचेवर धरलं. माझं अक्षर ओळखते ती, तिच्या वह्यांना नावं मीच घालायचे —

वर पाहिलं! पाहिलं तिने. वाचतेय. ओठ हलताहेत. ठोंब्या, मी आहे. मीच आहे गं —

मान खाली घातली. फोनवर काहीतरी लिहितेय.

मागे काहीतरी वाजलं. कपाटात. जाळीच्या आत माझा फोन उजळलाय. बंद नव्हताच तो कधी. कुलूप निघत नाही. पण वाचता येतंय.

‘ताई, वर खिडकीत ती बाई उभी आहे. रडतेय. अगदी तुझ्यासारखी दिसते. मला भीती वाटते. काय करू?’

खोलीत कोणी नाही. मी एकटी. तरी तिच्या शब्दांखाली अक्षरं उमटताहेत — एकेक — मी लिहिते तशीच — आधी विनोद —

‘अगं ठोंब्या, माझ्यासारखी म्हणजे नाक नकटं असणार. घाबरू नकोस. तिच्याकडे बघूच नकोस. फोन दे आणि ये आत, मी दारातच’